अर्ज पीएचडीचा, पत्र मास्टर्सचं: नाल्याकडचे तीन एकर विकायचे का?

प्रश्न असा आला आहे:

"मॅडम, मी राळेगाव तालुक्यातली. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं, ७४ टक्के आहेत. तुरीच्या मुळांवरच्या गाठींमधल्या रायझोबियमवर माझा प्रकल्प होता. अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत पीएचडीला अर्ज केले. तिघांनी नाही म्हटलं, एकाचं उत्तरच नाही, आणि एकानं लिहिलं की पीएचडीला जागा देता येत नाही, पण दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश द्यायला आम्हाला आनंद होईल. तीन आठवड्यांत कळवायचं आहे. वर्षाचा खर्च त्यांनी ४१,००० डॉलर लिहिला आहे. घरी सात एकर कोरडवाहू. बाबा म्हणतात, नाल्याकडचे तीन एकर काढू, एकरी १२ लाखानं गिऱ्हाईक आहे. मामा म्हणतात, एकदा तिथं पोच, मग पीएचडी आपोआप होते. गावात सगळ्यांना कळलं आहे. काय करू?"

बेटा, आधी एक काम कर. बाबांना सांग, त्या गिऱ्हाइकाला दोन महिने शब्द द्यायचा नाही. इसार तर अजिबात घ्यायचा नाही. इसाराचे पैसे एकदा घरात आले की मग विचार पत्राचा होत नाही, व्यवहार कसा निभवायचा याचाच होतो.

आता पत्राकडे येऊ. मी दिग्रसकडच्या एका खेड्यातली. वनस्पती रोगशास्त्रात पीएचडी अमेरिकेत केली, नंतर तिथंच काही वर्षं शिकवलं, विभागाच्या प्रवेश समितीवर बसले, आणि आता अमरावतीत आहे. तुझ्यासारखी पत्रं मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत: टेबलावर बसून कुणाला धाडायची ते ठरवलं, आणि त्याआधी मला स्वतःलाही असंच एक पत्र आलं होतं. त्यामुळे जे लिहिते ते ऐकीव नाही.

तुझ्या पत्रात नकार आहे आणि एक नवा प्रस्ताव आहे. घरी सगळ्यांनी त्याचा अर्थ "अर्धा होकार" असा लावला आहे. तसा तो नाही. अमेरिकेत विज्ञानातली पीएचडी म्हणजे विद्यापीठ तुला पैसे देतं: फी माफ, दरमहा स्टायपेंड, बहुतेक ठिकाणी आरोग्य विमाही. त्या बदल्यात तू पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे प्रात्यक्षिकांचे तास घेतेस किंवा प्राध्यापकांच्या प्रकल्पावर काम करतेस. मास्टर्स म्हणजे बहुतेक वेळा तू विद्यापीठाला पैसे देतेस. पहिल्यात तू त्यांच्यासाठी पाच वर्षांचा खर्च असतेस, दुसऱ्यात दोन वर्षांची मिळकत. नावं एका शिडीच्या दोन पायऱ्यांसारखी वाटतात, पण व्यवहार उलट दिशेचे आहेत. हे बाबांना असंच समजावून सांग. चुकारा कुणाच्या खात्यात जमा होतो, एवढा प्रश्न त्यांना चांगला कळतो.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे बीएस्सी, मग एमएस्सी, मग पीएचडी अशी चढण आहे, म्हणून आपण धरून चालतो की तिथंही मास्टर्स ही पीएचडीच्या आधीची पायरी असेल. अमेरिकेत तसं नाही. तिथली बरीच मुलं पदवीनंतर थेट पीएचडीला लागतात आणि मास्टर्सची पदवी बऱ्याच विभागांत वाटेतच मिळते. तुझ्याकडे तर एमएस्सी आधीच आहे. म्हणजे वर्षाला ३६ लाख (हिशेब पुढे मांडते) भरून तू त्याच पातळीची दुसरी पदवी घेणार. त्यातून काही मिळणार असेल तर ते पदवीच्या कागदातून नाही, त्या दोन वर्षांत तुला कुणाच्या प्रयोगशाळेत हात घालायला मिळतो यातून मिळेल.

समितीत हे कसं होतं ते सांगते. अर्जांचा गठ्ठा जानेवारीत येतो. आमच्याकडे तिघं जण प्रत्येक अर्ज वाचायचे. पण शेवटचा प्रश्न गुणांचा नसायचा. तो असायचा: हिला कोण घेणार? म्हणजे कोणत्या प्राध्यापकाकडे पुढच्या ऑगस्टपासून पगार द्यायला प्रकल्पाचा पैसा आहे आणि त्याला ही मुलगी हवी आहे का? कुणीच हात वर केला नाही तर चांगला अर्जही बाजूला जायचा. अशा बाजूला पडलेल्या अर्जांपैकी जे अभ्यासक्रम झेपवतील असे वाटायचे, त्यांना मास्टर्सचं पत्र जायचं, कारण तिथं कुणी पैसा द्यायचा प्रश्नच नव्हता. कित्येक अर्जांत तर एक चौकटच असते, "पीएचडीला निवड न झाल्यास मास्टर्ससाठी विचार व्हावा का?" तू घाईत तिथं खूण केली असशील. आपला भरलेला अर्ज उघडून बघ.

म्हणून अशा पत्राचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात आणि वरून दोन्ही पत्रं सारखीच दिसतात. एक, कुणीही तुझं नाव घेतलेलं नाही, यादीतून आपोआप वळवलेलं पत्र आहे. दोन, एखाद्या प्राध्यापकाला तुझं काम आवडलं आहे, पण यंदा पैसा नाही किंवा तुझ्या संशोधनाच्या तयारीची खात्री नाही, म्हणून तो म्हणतो की आधी प्रबंधासह मास्टर्स करू, बघू. दुसऱ्या प्रकारचं पत्र खरंच मोलाचं असतं. शेतीच्या विद्यापीठांत, पीकशास्त्र, मृदशास्त्र, रोगशास्त्र अशा विभागांत प्रबंधासह मास्टर्सलाही असिस्टंटशिप, म्हणजे कामाच्या बदल्यात फीमाफी आणि पगार, मिळते, ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तुझा विषय मुळांवरच्या जिवाणूंचा, म्हणजे त्याच अंगणातला.

माझं पत्र १९९८ सालचं. पोस्टमन काकांनी ते सायकलवरून वावरातच आणून दिलं. आम्ही धुऱ्यावर बसलो होतो. पाकिटात दोन कागद होते. पहिल्यावर विद्यापीठाचा शिक्का आणि गोड मजकूर, दुसऱ्यावर खर्चाचा तक्ता. मी पहिला कागद तीनदा वाचला. बाबांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा हातात घेतला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "हे महिन्याचं हाय का सालाचं?" मी म्हटलं, सालाचं. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि डवरं धरलं. त्या दिवशी मला राग आला होता. पण पत्रात वाचायची जागा त्यांनी बरोबर ओळखली होती.

मी त्यानंतर ज्यांच्याकडे काम करायचं म्हणून अर्जात लिहिलं होतं त्या प्राध्यापकांना पत्र टाकलं. सरळ विचारलं: मी पैसे भरू शकत नाही, तुमच्या हरितगृहात किंवा प्रयोगशाळेत काम करून फी माफ होईल का? महिनाभरानं उत्तर आलं की आठवड्याला वीस तासांचं काम आहे, फी माफ होईल, पण मास्टर्स प्रबंधासहच करावं लागेल. त्या उत्तरावर मी गेले. माझ्या काकांनी तिकिटाचे आणि पहिल्या महिन्याचे पैसे दिले, वावर तसंच राहिलं. ते उत्तर आलं नसतं तर मी गेले नसते, आणि आज मागे वळून पाहताना तेच योग्य झालं असतं असं मला वाटतं.

त्यात माझी एक चूक झाली, ती तू करू नकोस. "मास्टर्स झालं की तू इथंच पीएचडीला लागशील," हे मला तोंडी सांगितलेलं होतं. मी तेवढ्यावर विसंबले. दोन वर्षांनी त्या प्राध्यापकांचा प्रकल्प संपला आणि विभागानं नियम पुढे केला: नव्यानं अर्ज, नव्या अर्जदारांच्या रांगेत. माझे झालेले अभ्यासक्रम पीएचडीत धरायचे की नाही यावरही सहा महिने गेले. एकूण वर्ष वाया गेलं, आणि परदेशात बिनपगारी वर्ष म्हणजे काय ते माझ्या आईला मी कधी सांगितलं नाही.

तेव्हा मामांना नम्रपणे सांग की "आपोआप" काही होत नाही. त्यांचं दुसरं म्हणणंही मला माहीत आहे, कारण सगळे मामा ते म्हणतात: तिथं काम करून फी निघते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच आणि आठवड्याला वीस तासच काम करता येतं. ग्रंथालयात किंवा भोजनगृहात एवढे तास काम केलं तर खाण्याचा खर्च निघेल, फी नाही. बाहेर चोरून काम केलं आणि ते उघड झालं तर व्हिसाच जातो.

आता हिशेब कागदावर मांडू. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर ४१,००० डॉलर म्हणजे ३६ लाख ८ हजार. तीन एकर गुणिले १२ लाख, ३६ लाख. म्हणजे नाल्याकडचा तुकडा बरोबर एक वर्ष चालेल. दुसऱ्या वर्षाला आणखी तीन एकर. सातातून सहा गेले, एक उरला. विमानाचं तिकीट, व्हिसाची फी, सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर यात धरलेच नाहीत. त्यातही नाल्याकडचा तुकडा म्हणजे ज्या बाजूला विहीर खणली तर पाणी लागायची आशा, बरोबर ना? बाबा उरलेल्यातला सगळ्यात चांगला तुकडा काढायला निघाले आहेत. बाप असंच करतो.

आणि एकदा गेलेलं वावर परत घ्यायला पैसा लागतोच, पण आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी सातबाऱ्यावर शेतकरी म्हणून नाव लागतं. शेवटचा एकर तरी कधीच काढायचा नाही, हे लक्षात ठेवा. तुझ्या भावाबहिणींसाठीसुद्धा.

मग कर्ज? इथं खेड्यातल्या मुलांना एक भिंत लागते आणि ती कुणी आधी सांगत नाही. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, त्यामागे सरकारी पतहमीची योजना आहे. त्याहून मोठ्या रकमेला तारण मागतात. बाबा विश्वासानं सातबारा आणि आठ-अ घेऊन शाखेत जातील आणि व्यवस्थापक तो उलटून पाहून परत करतील. कारण बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्यानं तारण जप्त करतात, त्या कायद्याच्या ३१ व्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठीच ती वगळली आहे, पण परिणाम असा की सात एकराचा धनी असलेला बाप पोरीच्या शिक्षणासाठी ती जमीन तारण ठेवू शकत नाही, फक्त विकू शकतो. गावठाणातलं घर, एनए प्लॉट, मुदत ठेव असं काही असेल तरच बँक बोलते. काही बँका निवडक विद्यापीठांसाठी विनातारण मोठी रक्कम देतात. तुझं विद्यापीठ त्या यादीत आहे का हे बँकेच्या संकेतस्थळावर बघ, तालुक्याच्या शाखेत ते सांगता येईलच असं नाही. खाजगी वित्त कंपन्या चटकन देतात, पण व्याज जास्त आणि बऱ्याचदा शिकत असतानाच ते भरायला सुरुवात करावी लागते. दोन्ही वर्षांसाठी ७० लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला साडेब्याण्णव हजारांच्या आसपास येतो. संगणकशास्त्रात मास्टर्स करणारी मुलं नोकरीच्या भरवशावर हा धोका पत्करतात. सूक्ष्मजीवशास्त्रात, आणि तेही पुढे पाच वर्षं पीएचडीच करायची असताना, हा हप्ता कोण भरणार? स्टायपेंड एका माणसाचं पोट भरण्यापुरता असतो.

नागपूरला किंवा पुण्याला कुणी एजंट सांगेल की महिनाभरासाठी तुमच्या खात्यात रक्कम "दाखवून" देतो, व्याज तेवढं द्या. पीएचडीच्या निधीसह आलेल्या पत्रात आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, विद्यापीठाचाच पैसा लिहिलेला असतो. मास्टर्सला पहिल्या वर्षाचा पूर्ण पैसा आपल्या नावे दाखवावा लागतो, म्हणून हा धंदा चालतो. त्या वाटेला जाऊ नको. ती फसवणूक आहे, आणि पकडली गेली तर पुढचे सगळे व्हिसा अडकतात.

एका बाबतीत माझं उत्तर पूर्ण उलटं होतं, म्हणून ते नीट वाच. तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या दरवर्षी १२५ जागा आहेत, त्यात अनुसूचित जातींबरोबर भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांची मुलंही येतात, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. इतर मागासवर्ग, आदिवासी आणि मराठा विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या वेगळ्या परदेश शिष्यवृत्ती आहेत. यातल्या बहुतेक योजना मास्टर्सलाही पैसा देतात, आणि अर्जाला प्रवेशपत्र लागतं, तेही विनाअट. तू यातल्या कशात बसत असशील तर हातातलं पत्र हीच किल्ली आहे, ते सोडू नको. मात्र दोन गोष्टी बघ: विद्यापीठ त्यांच्या जागतिक क्रमवारीच्या अटीत बसतं का, आणि तारखा जुळतात का. जाहिरात बहुधा विद्यापीठाच्या मुदतीनंतर येते. त्यामुळे विद्यापीठाला प्रवेश एक सत्र किंवा वर्षभर पुढे ढकलायची विनंती करावी लागते. ती मागता येते. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी हे कागद आजच काढायला टाक, सेतूत किती दिवस जातात ते तुला माहीत आहे.

आता तीन आठवड्यांत काय करायचं. आज-उद्याच दोन ईमेल लिहून काढ. पहिली विभागाच्या प्रवेश कार्यालयाला. आभार मान, आणि विचार: हा मास्टर्स प्रबंधासह आहे की फक्त अभ्यासक्रमांचा? असिस्टंटशिप किंवा फीमाफीसाठी माझा विचार होईल का, पहिल्या सत्रापासून की नंतर? इथून पीएचडीला जायचं तर नवा अर्ज लागतो का, आणि इथले अभ्यासक्रम त्यात धरले जातात का? गेल्या काही वर्षांत मास्टर्सचे किती विद्यार्थी याच विभागात पीएचडीला लागले? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल. विचारच. ज्या विभागाकडे सांगण्यासारखं असतं तो आकडा सांगतो, नसतं तो गुळमुळीत बोलतो, आणि तेही उत्तरच असतं. मुदत वाढवून हवी असेल तर त्याच पत्रात माग. अमेरिकेत १५ एप्रिलचा एक ठराव आहे, ज्या विद्यापीठांनी तो मान्य केला आहे ती १५ एप्रिलच्या आधी निर्णय द्यायला विद्यार्थ्याला बांधत नाहीत. पण तो आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावांपुरता आहे, बिनपैशाच्या मास्टर्सला लागू नाही. त्यामुळे हक्कानं नको, विनंतीनं माग.

दुसरी ईमेल त्या प्राध्यापकाला, ज्याचं नाव तू अर्जात लिहिलं होतंस. लहानशी. मला मास्टर्सचा प्रवेश मिळाला आहे, तुमच्या अमुक कामात मला रस आहे, तुमच्याकडे प्रबंध करायची आणि पगारी कामाची शक्यता आहे का. दहा दिवसांत त्यांचं होकारार्थी उत्तर आलं, पैशासह आणि लेखी, तर माझं मत: जा. डोळे मिटून जा. उत्तर आलं नाही, किंवा "या, मग बघू" असं आलं, तर पत्राला आभारासह नकार कळव. शिष्यवृत्तीची बाब सोडून यात तिसरी वाट मला दिसत नाही. पैशाची वाट नसताना बापाच्या वावरावर मास्टर्स करायला जाणं, याला मी इतक्या वर्षांत एकदाही होकार दिलेला नाही.

इतर देशांबद्दल थोडक्यात, कारण पुढच्या वर्षी तू अर्ज करशीलच. कॅनडात प्रबंधासह मास्टर्स करून मग पीएचडी हीच रुळलेली वाट आहे आणि त्या मास्टर्सला बहुधा पैसा असतो, म्हणून तिथून असं पत्र आलं तर दुःख करू नको. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण राहण्याखाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी 'ब्लॉक्ड' खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी पीएचडीच्या मुलांची नोंदणी सुरुवातीला एमफिल म्हणून होते आणि वर्षभरानं बदलते, तो वेगळा प्रकार आहे, त्याला कमी लेखल्याचं समजू नये.

आणि इथं राहून? सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळवलीस तर महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. कोरडवाहू कापसाची पऱ्हाटी एकरी पाच क्विंटल धरली आणि २०२५-२६ चा लांब धाग्याचा ८,११० रुपये हमीभाव मिळालाच, तर एकराचं साऱ्या सालाचं ढोबळ उत्पन्न ४०,५५० होतं, त्यातून बियाणं, फवारणी, वेचणी जायची. म्हणजे एका एकराचं वर्ष ते जेआरएफचा एक महिना. बाबांना हा हिशेब सांग, त्यांना "इथंच राहिली" असं वाटणार नाही.

तुझा अर्ज मी पाहिलेला नाही, पण पीएचडीच्या पत्रापर्यंत तो का पोचला नाही याचा अंदाज करू शकते, कारण आपल्या भागातले अर्ज मी पुष्कळ वाचले आहेत. शिफारसपत्रं. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मुलगी एकच मजकूर तीनदा थोडा फिरवून लिहिते. समितीत तिन्ही पत्रं एकापाठोपाठ वाचली जातात. तिन्हींत "मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ" आणि तिन्हींत तीच चूक. एका मुलीच्या तिन्ही पत्रांत एका जिवाणूच्या नावाचं स्पेलिंग एकाच पद्धतीनं चुकलेलं होतं. ती मुलगी हुशार होती, तिच्या गुणपत्रिकेवरून दिसत होतं. टेबलावरच्या कुणीच त्यानंतर तिचा अर्ज पुढे वाचला नाही, आणि मी गप्प बसले, हे अजून मला लागून आहे. तेव्हा तुझ्या सरांकडे जा, त्यांच्यासमोर बस, प्रयोगशाळेत तू नक्की काय केलंस ते त्यांना आठवून दे आणि म्हण की सर, हे तुमच्या शब्दांत लिहा, इंग्रजी मोडकं चालेल.

उद्देशपत्रात लहानपणापासून निसर्गाची आवड होती असं लिहिलं असशील तर काढून टाक. त्या गाठी तू कुठून आणल्या होत्यास? घरच्याच वावरातल्या तुरीच्या असतील, तर पहिलं वाक्य तेच. काळ्या जमिनीत, पावसानं महिनाभर दडी मारल्यावर गाठी गुलाबी राहतात का पांढऱ्या पडतात, हे तू फावड्यानं खणून पाहिलं आहेस. आतून गुलाबी म्हणजे नत्र धरण्याचं काम चालू, हे परदेशातला विद्यार्थी पुस्तकात वाचतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपली पऱ्हाटी खाल्ली, बीटीतल्या दोन्ही जनुकांना ती जुमानेना, ते तू बारावीच्या आसपासच्या वयात डोळ्यांनी पाहिलं असशील. संशोधनाचे प्रश्न आपल्या धुऱ्यावर पडलेले असतात. समितीला ते ऐकायचं असतं आणि आपली मुलं ते लपवतात.

वर्षभरात हात तयार कर. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात प्रकल्प सहायकांच्या मुदती जागा निघतात. पगार बेताचा असतो, काम खरं असतं. तिथल्या एका शास्त्रज्ञानं तुझ्याबद्दल मनापासून लिहिलेलं एक पान तीन सह्यांपेक्षा जड भरतं.

राहिली गावाची गोष्ट. पेढे वाटून झाले आहेत हे तू लिहिलं नाहीस, पण मला दिसतंय. आणि बाबांच्या मनात असंही असेल की यंदा गेली नाही तर लग्नाचं बघावं लागेल, लोक थांबू देणार नाहीत. हा ताण खोटा नाही, मी त्यातून गेले आहे. म्हणून बाबांसमोर "वर्षभर थांबते" असं म्हणू नको. "डिसेंबरला नेट, तोवर नागपूरला नोकरी, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा अर्ज" असं तारखांसकट म्हण. तुमच्या गावात बाबासाहेबांचा फोटो असेलच. १९१५ ला त्यांनी कोलंबियाचं एमए केलं, लंडनला शिक्षण सुरू केलं आणि १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर ते अर्धवट सोडून परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे जमवले, १९२० ला पुन्हा गेले, १९२१ ला एमएस्सी आणि १९२३ ला डीएस्सी. ही मधली तीन वर्षं घरच्यांना तारीखवार सांग.

दोन्ही ईमेलचे मसुदे मला रविवारपर्यंत पाठव, जायच्या आधी एकदा वाचते. आणि त्या दिवशी संध्याकाळी बाबा वावरातून आले की फोन लाव, त्यांनाही जवळ बसव. ७० लाखांचा हिशेब मी त्यांना मराठीत, आकड्याला आकडा लावून सांगेन. नाल्याकडच्या तुकड्यात यंदा तूर पेरणार आहेत का, तेही विचारायचं आहे. तुला जुलैत पुन्हा गाठी लागतील.